मन आधी थकतं हे मान्य, पण पोरीचं हिमोग्लोबिन किती तेपण विचारा

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत व्यायाम आणि मनाची ताकद यावर जो लेख आला होता तो वाचला. आमच्या ग्राउंडवरच्या पोरापोरींच्या ग्रुपवर त्याचा फोटो दिवसभर फिरत होता, खाली अंगठे आणि आगीचे इमोजी, त्यामुळे आता गप्प बसून चालणार नाही असं वाटलं म्हणून लिहितेय. पत्र जरा लांबेल, काटछाट केलीत तरी चालेल पण हिमोग्लोबिनचा भाग तेवढा ठेवा.

लेखाचं म्हणणं थोडक्यात असं की शरीर थकायच्या खूप आधी मन थकतं, आणि "बास आता" असं वाटतं तेव्हा आपण खरं तर ४० टक्केच खर्च झालेलो असतो. हा ४० टक्केवाला डायलॉग अमेरिकेच्या नौदलाच्या नेव्ही सील कमांडोंमध्ये असलेल्या डेव्हिड गॉगिन्सचा, त्याच्या रील्स आमच्या पोरांना तोंडपाठ आहेत, इंग्रजी कळो न कळो. तर मन आधी थकतं हे खरंय, त्याबद्दल भांडण नाही. पण ४० हा आकडा कुठल्या यंत्रावर मोजलेला नाही हो, बोलायचा आकडा आहे तो, आणि आमची पोरं तो मोबाईलच्या बॅटरीसारखा धरून बसतात, की अजून ६० शिल्लक आहे म्हणजे पळत राहायचं.

मी शाळेत पीटी शिकवते आणि सकाळी साडेपाचपासून तालुक्याच्या ग्राउंडवर पोलीस भरती करणाऱ्या मुलींची तयारी करून घेते. फी वगैरे काही नाही, कुणी जुने शूज दिले तर घेतो. त्यामुळे मन आणि शरीर यांची ही जी काय ओढाताण असते ती मी रोज बघते, आणि तीसुद्धा अगदी ठरलेल्या जागी.

ती जागा सांगते. भरतीत मैदानी चाचणी ५० मार्कांची, त्यात मुलींना ८०० मीटर पळायचं असतं त्याला २० मार्क, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५. (मुलांना ८०० च्या जागी १६०० असतं.) ८०० मीटर २ मिनिटं ५० सेकंदात मारलं तर पैकीच्या पैकी आणि त्याच्या पुढे मार्क गळायला लागतात. आता दोन-पन्नास म्हणजे दर २०० मीटरला साडेबेचाळीस सेकंद, हिशोब एवढा सोपा आहे, पण शिट्टी वाजली की एकीलाही हिशोब आठवत नाही, शेजारची सुटली की हीपण सुटते, पहिले दोनशे छत्तीस सेकंदात, दुसरे चाळीसच्या आसपास, बाहेर उभे असलेले सगळे टाळ्या वाजवतायत, आणि मग येतं तिसरं दोनशे.

ज्यांनी ८०० पळलंय त्यांनाच कळेल हे तिसरं दोनशे काय प्रकरण आहे ते. सुरुवातीचा जोश संपलेला असतो, शेवट अजून दिसत नसतो, मांड्या भरून येतात, घशात लोखंडासारखी चव येते आणि डोक्यात कोणीतरी बोलायला लागतं की थांब, आज नको, उद्या बघू, तसंही टायमिंग बसणारच नाहीये. मी मुद्दाम त्या वळणावर उभी राहते. आधी खांदे वर कानाकडे जायला लागतात, मग मुठी आवळतात, मग हनुवटी वर होते आणि मग पोरगी माझ्याकडे बघते. पळता पळता कोचकडे बघितलं की समजायचं, आत वाटाघाटी चालू झाल्या.

आणि गंमत बघा, हीच पोरगी, जिनं तिसऱ्या दोनशेला हातपाय गाळले होते, ती शेवटच्या शंभरला मैत्रीण दोन हात पुढं दिसली की अशी काही सुटते की आपणच तोंडात बोट घालावं. मग ही ताकद तिसऱ्या दोनशेला कुठं होती? दक्षिण आफ्रिकेतले डॉक्टर टिम नोक्स यांनी नेमका हाच प्रश्न पकडला. ते म्हणाले की पाय खरंच संपले असते तर शेवटी कुणाला स्पीड वाढवताच आला नसता, पण जगातले चांगले चांगले धावपटू शेवटी स्पीड वाढवतात, म्हणजे मेंदू आधीच हात राखून खर्च करत असतो, जीवाला धोका होऊ नये म्हणून. ही कल्पना तशी जुनी आहे, १९२२ चं नोबेल मिळालेले ए. व्ही. हिल यांनी शंभर वर्षांपूर्वीच असं काहीतरी सुचवलं होतं, नोक्स यांनी ती नव्वदच्या दशकात परत पुढे आणली. सगळे शास्त्रज्ञ त्यांच्याशी सहमत नाहीत हेपण सांगायला हवं, पण ग्राउंडवर उभं राहून बघितलं तर ब्रेक आहे आणि तो लवकर लागतो, एवढं मान्य करायलाच लागतं.

ब्रिटनमध्ये सॅम्युएल मार्कोरा म्हणून एक संशोधक, त्यांनी २००९ मध्ये १६ जणांना घेतलं. एकदा त्यांना ९० मिनिटं कॉम्प्युटरवर डोकं शिणवणारं काम दिलं आणि एकदा तेवढाच वेळ माहितीपट दाखवले, आणि मग दोन्ही वेळेला सायकलवर दम संपेपर्यंत पळवलं. डोकं शिणलेलं असताना तीच माणसं सरासरी १५ टक्के आधी थांबली. हृदयाचे ठोके, रक्तातलं लॅक्टेट (जोराच्या व्यायामात वाढतं ते) यात असा काही फरक नव्हता की ज्यावर बोट ठेवता येईल, फक्त त्यांना ते काम पहिल्यापासूनच जास्त जड वाटत होतं. पुढच्या वर्षी त्यांनी रग्बी खेळणाऱ्या पोरांना साधारण २४२ वॅटवर सायकल मारायला लावली, ती "आता एक पायडल होणार नाही" म्हणून थांबली आणि थांबल्या थांबल्या त्यांना सांगितलं की आता फक्त पाच सेकंद जीव तोडून मारा. तर त्यांनी सरासरी ७३१ वॅट काढले. तिप्पट! संपलेल्या पायांनी.

तुमच्या लेखकांनी हे वाचलं असेल तर खूश होतील. पण पहिल्या प्रयोगाचं दुसरं टोकपण बघा की. डोकं शिणलेलं असलं की शरीर तेच असून माणूस लवकर थांबतो. आता आमची पोरं भरतीला कशी जातात? रात्रीची एसटी, कधी दोन एसट्या, पहाटे स्टँडवर उतरायचं, ग्राउंडच्या बाहेर फुटपाथवर नाहीतर पुलाखाली बॅग उशाला घेऊन पडायचं, डास, कागदपत्रांची फाईल छातीशी, नंबर कधी लागणार याचा पत्ता नाही, मग चेस्ट नंबर, मग रांग, मग परत रांग, आणि मग म्हणायचं पळ. एवढं सगळं झाल्यावर ती मुलगी तिसऱ्या दोनशेला थांबली तर तिच्या मनात ताकद नव्हती असं कुणी म्हणू नये. तिचं मन रात्रभर पळूनच आलेलं असतं.

मन तयार करता येतं यावर माझा विश्वास आहे, नाहीतर मी पहाटे उठून तिथे कशाला गेले असते. पण ते रीलनं होत नाही आणि शिव्यांनी तर अजिबातच होत नाही. आमच्या इथे आम्ही तिसरं दोनशे वेगळं काढून शिकवतो. पहिले चारशे आरामात, ठरलेल्या टायमिंगला, आणि मग तिसरं दोनशे जोरात मारून तिथंच थांबायचं, शेवटचं दोनशे नाहीच. पोरींना आधी विचित्र वाटतं, पण हळूहळू ते वळण ओळखीचं होतं, तिथं काय काय दुखणार आहे हे पाठ होतं आणि दुखण्याची भीती निम्मी होते. आणि त्या वळणावर मी "जोर लाव" असं कधीच ओरडत नाही, कारण जोर लाव म्हटलं की मुठी अजून आवळतात, खांदे अजून वर जातात. मी म्हणते "हात सोड". बोटं सैल सोडली की खांदे खाली येतात, श्वास परत पोटातून चालू होतो आणि पाय आपोआप सुटतात. दिसायला फालतू गोष्ट आहे पण करून बघा.

मग प्रत्येकीचं स्वतःचं एक वाक्य असतं, त्या वळणावर मनात म्हणायचं. यावरपण प्रयोग झालाय, २०१४ मध्ये छापून आला, २४ जण, त्यातल्या निम्म्यांना दोन आठवडे स्वतःशी काय बोलायचं हे शिकवलं आणि नंतर ते सायकलवर १८ टक्के जास्त वेळ टिकले, बाकीच्यांत काही फरक नाही. आमच्यात एकीचं वाक्य आहे "आत्या बघतेय". आत्या मुंबईला पोलिसात आहे, ती काय इथे येऊन बघत नाही, पण चालतं. एक जण नुसती "पगार, पगार, पगार" म्हणत पळते, पावलाच्या तालावर बरोबर बसतं ते. मी तिला सुरुवातीला हसले होते पण टायमिंग तिचंच सगळ्यात सरळ येतं.

ओरडणाऱ्या सरांसाठीसुद्धा एक प्रयोग आहे, १९६१ चा, इकाई आणि स्टाईनहाउस या संशोधकांचा. त्यांनी हाताची ताकद मोजताना मध्येच मागून पिस्तुलाचा बार काढला, तर ताकद सात टक्क्यांच्या आसपास वाढली. पण जोर लावताना माणूस स्वतःच ओरडला तर १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ओरडायचंच असेल तर पळणाऱ्याला ओरडू द्या, सर. आपल्याकडे पैलवान शड्डू ठोकतो, जोर मारताना हुंकार देतो, त्याला हे कुणी सांगायला गेलं नव्हतं.

अजून एक सांगते कारण मला तो फार आवडतो. बर्मिंगहॅममध्ये २००४ ला सायकलवाल्यांना तासाभराच्या शर्यतीत मधून मधून माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्याची, म्हणजे गोड न लागणाऱ्या पिष्टाच्या पाण्याची, नुसती चूळ भरायला दिली. गिळायचं नाही, थुंकायचं. तरी वेळ जवळपास तीन टक्क्यांनी सुधारली. पोटात काहीच गेलं नाही, पण तोंडाला कळलं की काहीतरी येतंय आणि मेंदूनं हात जरा सैल सोडला. तर मन हे असं आहे, त्याला धाकापेक्षा भरवसा जास्त लागू पडतो. हे माझं मत, प्रयोगाचं नाही.

आता दुसरी बाजू, आणि हीच तुमच्या लेखात नव्हती.

हा ब्रेक देवानं किंवा निसर्गानं म्हणा, उगीच बसवलेला नाही. १९६७ च्या टूर द फ्रान्समध्ये टॉम सिम्पसन नावाचा ब्रिटिश सायकलपटू, माजी जगज्जेता, मों वांतू नावाच्या डोंगराच्या चढावर जुलैच्या उन्हात कोसळला आणि गेला, वय २९. त्याच्या शरीरात अँफेटामाइन सापडलं. ते औषध थकवा कळू देत नाही, म्हणजे मन "थांब" म्हणतं तो आवाजच बंद करतं. मनाची मर्यादा ओलांडायची म्हणतात ना, त्यानं ती पूर्णच काढून टाकली होती. हे एवढ्यासाठी सांगतेय की भरतीच्या सीझनला आमच्या भागातपण कोणीतरी "ग्राउंडच्या दिवशी घ्यायची" म्हणून गोळी देतं, कुणी इंजेक्शन देतं, काय आहे विचारलं तर म्हणतात ताकदीचं आहे. पोरांनो, ज्याचं नाव सांगत नाहीत ते घेऊ नका, आणि आईबापांनो, बॅग तपासायला लाजू नका.

मग तो १९८४ च्या लॉस एंजेलिसचा व्हिडिओ, जो दर चार वर्षांनी ऑलिम्पिक आलं की फिरतो. बायकांची पहिली ऑलिम्पिक मॅरेथॉन, स्वित्झर्लंडची गॅब्रिएला अँडरसन-शीस, वय ३९, स्टेडियममध्ये येते तीच वाकडी होऊन, एक हात लोंबकळतोय, एक पाय ओढत, आणि शेवटच्या ४०० मीटरला तिला ५ मिनिटं ४४ सेकंद लागतात. खाली लिहिलेलं असतं "नेव्हर गिव्ह अप". सगळे तिच्याकडे बघतात, मी तिच्या बाजूनं चालणाऱ्या डॉक्टरांकडे बघते. ते तिला हात लावत नव्हते कारण हात लावला तर ती बाद झाली असती, पण त्यांनी बघितलं की तिला अजून घाम येतोय, म्हणून जाऊ दिलं, आणि शेवटच्या पावलापर्यंत जवळून हलले नाहीत. ती लाईन ओलांडून पडली ती त्यांच्या हातात. मला सांगा, आपल्या तालुक्याच्या ग्राउंडवर, अकॅडमीत, भरतीच्या मैदानावर, असं शेजारून चालणारं कोण आहे?

२०१४ च्या जूनमध्ये मुंबईत पोलीस भरतीच्या वेळी ५ किलोमीटर पळताना पोरं गेली, एक नाही, चार-पाच, नंतर ते अंतर कमी करावं लागलं. राज्य राखीव पोलीस दलाला अजून पाच किलोमीटरच आहे आणि २०२४ च्या जूनमध्ये त्यात परत एक जीव गेला. त्याच वर्षी ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये झारखंडला उत्पादन शुल्क खात्याच्या भरतीत १० किलोमीटर एका तासात पळायला लावलं आणि दहाबारा पोरं मेली, भरती काही दिवस बंद ठेवायची वेळ आली. या पोरांचं मन कमजोर होतं का हो? उलट त्यांनी मनाचं ऐकलंच नाही. घरची परिस्थिती, वयाची अट संपत आलेली, गावात सांगून आलेले, तिथं मन थांब म्हणालं तरी कोण थांबतंय. ज्यांना न थांबण्याचा धडा परिस्थितीनं आधीच शिकवलाय त्यांना आपण परत तोच धडा रीलमधून देतोय.

हिमोग्लोबिनचं सांगते. आमच्याकडे एक मुलगी होती, अभ्यासात हुशार, गोळा चांगला, १०० मीटरपण बरं, पण ८०० ला दुसऱ्या चारशेला पार गळायची. त्याआधी ती ज्या अकॅडमीत जात होती तिथल्या सरांनी तिला "मनानं कच्ची" असा शिक्का मारला होता, सगळ्यांसमोर, आणि शिक्षा म्हणून जास्तीचे राउंड. तीपण तेच बोलायची, "मॅडम माझं मनच लागत नाही ओ". मी तिला तिसऱ्या दोनशेला बघितलं तर बाकीच्यांसारखं नव्हतं. खांदे वर नव्हते, मुठी सैल होत्या, माझ्याकडे बघतपण नव्हती, सौदाबिदा काही नाही, नुसती विझत जायची. आणि थांबल्यावर पाच मिनिटं झाली तरी मानेवरची शीर उडतच होती. डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली, पांढरीफटक. नखं तशीच. ग्रामीण रुग्णालयात पाठवली, हिमोग्लोबिन साडेसात.

साडेसात! बाईमाणसाचं बारा तरी हवं. रक्तातून ऑक्सिजन नेणारी गाडीच अर्धी रिकामी आणि आपण ड्रायव्हरला मोटिवेशन देतोय. डॉक्टरांनी पळणं बंद केलं, गोळ्या दिल्या, चहाबरोबर घ्यायच्या नाहीत, लिंबू-आवळ्याबरोबर घ्या असं सांगितलं, जंताची गोळी दिली, आणि पाळीत किती जातं ते विचारलं, जे तिला आजपर्यंत कुणी विचारलं नव्हतं कारण सांगणार कुणाला, सरांना? काही महिन्यांनी ती परत पळायला आली तेव्हा तिचं मन एकदम पक्कं झालं होतं म्हणे. मी हसले.

आणि ही काही एकटीदुकटी केस नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी, २०१९-२१ ची, तिच्यात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायकांना रक्त कमी, आणि महाराष्ट्रातपण अर्ध्याहून जास्त. म्हणजे ग्राउंडवर वीस मुली उभ्या असतील तर निम्म्यांना हा त्रास असू शकतो. शाळेत आठवड्याला लोहाची गोळी देतात, ती मुली संडासात टाकतात कारण मळमळतं, आणि उपाशीपोटी का घेऊ नये हे कुणी नीट समजावून सांगत नाही. त्यामुळे माझा साधा नियम आहे, ग्राउंडवर नाव घालायचं तर आधी हिमोग्लोबिनचा कागद आण, सरकारी दवाखान्यात होतं ते. जिचं कमी तिला मी पळवत नाही, ती रडली तरी नाही. यावरून मला "मॅडम लाडावून ठेवतात" असं बोलणारे आहेत. बोलू देत.

विदर्भातल्या, नंदुरबारकडच्या प्रशिक्षकांसाठी अजून एक. तिथं सिकलसेलचं, म्हणजे रक्तातल्या लाल पेशी कोयत्यासारख्या वाकड्या होतात त्या आनुवंशिक आजाराचं, प्रमाण जास्त आहे. ज्यांच्यात पूर्ण आजार नाही, फक्त वाहक आहेत, ते एरवी ठणठणीत असतात, पण अचानक खूप जोराचा व्यायाम, त्यात ऊन, त्यात पाणी कमी, असं जुळून आलं की त्यांच्या स्नायूंना मोठी इजा होऊ शकते, कोसळूही शकतात. अमेरिकेत कॉलेजच्या मोठ्या संघांतल्या खेळाडूंची २०१० पासून ही तपासणी बघितली जाते, आणि वाहक असला तरी त्याला खेळू देतात, फक्त हळूहळू चढवतात, मध्ये थांबू देतात. आपल्याकडे २०२३ पासून सिकलसेलच्या मोहिमेत तपासण्या होऊन कार्डं मिळाली आहेत बऱ्याच जणांना. ते कार्ड घरच्या पेटीत ठेवू नका, कोचला दाखवा.

जिमवाल्यांसाठी एकच. पहिल्याच दिवशी पाचशे बैठका, चॅलेंज म्हणून, मग दोन दिवसांनी मांड्या दगडासारख्या आणि लघवी कोऱ्या चहासारखी. हे "मसल्स बनतायत" म्हणून घरी झोपून राहायचं प्रकरण नाही, स्नायू फुटून किडनीवर जातं ते, तडक दवाखाना गाठायचा.

आणि उन्हाचं. पळताना पोरगा बडबडायला लागला, भलतीकडेच पळायला लागला, स्वतःचं नाव-गाव सांगता येईना, अंग तव्यासारखं तापलंय, तर तो उष्माघात धरायचा, घाम येत असला तरीही, कारण पळणाऱ्याला उष्माघातातसुद्धा घाम असू शकतो. आपल्याकडे काय करतात, तोंडावर पाणी मारतात, कांदा नाकाला लावतात आणि गाडी शोधत बसतात. आधी थंड करायचं, मग हलवायचं. अमेरिकेत फॅल्मथ नावाच्या गावात दर ऑगस्टला रोड रेस असते, तिथं १८ वर्षांत उष्माघाताच्या २७४ जणांना लाईनच्या बाजूलाच बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं आणि सगळेच्या सगळे वाचले. टब नसेल तर ताडपत्री चालते. आपल्याकडे घरोघरी आहे ती. माणसाला ताडपत्रीवर झोपवायचं, चौघापाचजणांनी कडा धरून उचलायच्या म्हणजे मध्ये खोलगा होतो, डोकं वर राहील असं बघायचं, त्यात बर्फ आणि पाणी ओतायचं आणि पाणी हलवत राहायचं, तोवर १०८ ला फोन. पहिल्या अर्ध्या तासात अंग उतरलं पाहिजे. उन्हाळ्यात आमच्या ग्राउंडवर बर्फाचा डबा आणि घडी घातलेली ताडपत्री असते, बाजूच्या चहावाल्याकडे ठेवतो.

म्हणजे मग मुलींना ढकलायचंच नाही का, असं मला कोणी विचारेल. ढकलायचं की. आमच्या माण तालुक्यातली ललिता बाबर २०१६ ला रिओत स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे ओलांडत पळायच्या शर्यतीची, फायनल पळली, ऑलिम्पिकमध्ये ट्रॅकवर भारतीय मुलगी फायनलला जायला पी. टी. उषानंतर ३२ वर्षं गेली होती. ती काय मन मारल्याशिवाय तिथं गेली असेल? पण तिच्या मागं कित्येक वर्षांचं पळणं होतं, मॅरेथॉनपर्यंतचं. आमच्या पोरी तीन महिन्यांवर ग्राउंड आलं की पळायला लागतात आणि उरलेली कसर मनानं भरून काढायला बघतात. तेवढी कसर मनात नसते.

ढकलायचं कुणाला आणि थांबवायचं कुणाला, हे मी कसं ठरवते ते सांगते, शास्त्र म्हणून नाही, सवयीनं. पळताना तिला काहीतरी विचारायचं, "किती झाले?" किंवा "कितवं वळण?" जिचं मन कुरकुरतंय ती चिडून उत्तर देते, शिवीसुद्धा घालेल मनातल्या मनात, पण उत्तर बरोबर असतं. जिचं शरीर जातंय ती उत्तरच चुकवते, किंवा बघतच राहते. चिडलेलीला मी सोडत नाही, लाईनपर्यंत नेते. बघत राहिलेलीला तिथल्या तिथे हाताला धरून बाहेर काढते, मग तिचं टायमिंग दोन सेकंदांनी हुकत असलं तरी. छातीत दुखतंय, चक्कर येतेय, डोळ्यापुढं अंधारी, यात तर विचारायचंपण नाही.

तर माझं मागणं फार नाही. शासनाकडे एवढंच की मैदानी उन्हाच्या आत उरकावी, आदल्या रात्री पोरांना पडायला छप्पर आणि पाणी द्यावं, आणि ॲम्ब्युलन्सच्या शेजारी बर्फाचा टब असावा, टबाला काय निविदा काढायला लागत नाही. अकॅडमीवाल्यांनी प्रवेशाच्या वेळी हिमोग्लोबिनचा रिपोर्ट घ्यावा, फी घेताच ना.

आणि आपल्याकडे एक विनंती. भरतीची जाहिरात निघाली की तुमच्या पेपरात वयाची अट, उंची, छाती, कागदपत्रं, तारखा असा चौकोन छापून येतो आणि तो कापून पोरी वहीत चिकटवतात, मी बघितलंय. पुढच्या वेळी त्या चौकोनात रक्त तपासून घ्या, सिकलसेलचं कार्ड असेल तर दाखवा, अनोळखी गोळी घेऊ नका आणि ताप असेल तर पळू नका, दुसरी तारीख मागा, एवढं घाला. जागा कमी पडली तर छातीचं माप दोनदा छापता ते एकदा छापा.

आपली,
एक पीटी शिक्षिका, फलटण (जि. सातारा)